विश्लेषण : क्वेसारच्या झगमगाटात दडलेला वायू ‘सावली’तून कसा मोजतात?

मोठ्या दीर्घिकांमध्ये नवे तारे जन्माला येणे का थांबते, या प्रश्नाचे एक उत्तर गेली अनेक वर्षे दिले जाते : केंद्रातील कृष्णविवर ‘क्वेसार’ होऊन पेटते आणि भोवतीचा वायू तापवून उधळून लावते. उत्तर पटण्याजोगे आहे. पण क्वेसारभोवतीचा वायू प्रत्यक्ष तपासला, तेव्हा थंड वायू जिथे फारसा नसावा असे वाटत होते तिथेच तो मुबलक निघाला. हा वायू थेट पाहणे कठीण असते. त्याच्या मागून येणाऱ्या दुसऱ्याच क्वेसारच्या प्रकाशात त्याच्या खुणा उमटतात. ‘डेसी’ या सर्वेक्षणाने मार्च २०२५ मध्ये सुमारे १६ लाख क्वेसारांची माहिती सर्वांसाठी खुली केल्याने या तंत्राला आता प्रचंड कच्चा माल मिळाला आहे. हे तंत्र काय आहे आणि त्यातून कोणता पेच उभा राहिला आहे?

क्वेसार म्हणजे काय?

जवळपास प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या केंद्रात सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. एरवी ते शांत असते. आपल्या आकाशगंगेतले सध्या तसेच आहे. पण त्याच्याकडे वायूचा लोंढा येऊ लागला की तो वायू भोवऱ्यासारखा फिरत, तापत आत जातो आणि इतका प्रकाश टाकतो की अख्खी दीर्घिका त्यापुढे फिकी पडते. हाच क्वेसार. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ‘३सी २७३’ या ठिपक्याच्या वर्णपटातील कोड्यात टाकणाऱ्या रेषा ओळखल्या. त्या साध्या हायड्रोजनच्याच होत्या, फक्त लाल रंगाच्या बाजूला सुमारे १६ टक्क्यांनी सरकलेल्या. विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशलहरी ताणल्या जातात, त्यामुळे हे घडते. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. ताम्रसृती जितकी अधिक, तितकी वस्तू दूर आणि तिचा प्रकाश जुना. ‘३सी २७३’ दोन अब्ज प्रकाशवर्षांहून दूर आहे, तरीही हौशी निरीक्षकाच्या चांगल्या दुर्बिणीतून तो दिसतो. यावरून त्याच्या तेजाची कल्पना यावी.

वर्णपटातील काळ्या रेषा काय सांगतात?

जोसेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा नोंदवल्या. पुढे कळले की त्या सूर्याच्या बाहेरच्या थरांतील वायूंनी गिळलेले रंग आहेत. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश गिळते, त्यामुळे रेषांची मांडणी ही त्या मूलद्रव्याची सहीच असते. गिळलेल्या प्रकाशाने काळी रेषा उमटते, तशी तापलेल्या वायूने टाकलेल्या प्रकाशाने उजळ रेषा उमटते. १८६८ मध्ये हेलियम ओळखला गेला तो सूर्याच्या वर्णपटातील अशाच एका अनोळखी पिवळ्या उजळ रेषेवरून. (हा शोध विजयदुर्गावर लागला, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. पण त्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते नॉर्मन लॉकियर १८६८ मध्ये इंग्लंडमध्येच होते. ते विजयदुर्गावर आले १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी.)

क्वेसारच्या बाबतीत ही सही आणखी एक गोष्ट सांगते. हायड्रोजनची सर्वांत ठळक रेषा १२१.६ नॅनोमीटरवर, म्हणजे अतिनील भागात असते. तिला ‘लायमन अल्फा’ म्हणतात. क्वेसारचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेत वायूचा ढग लागला, की तो त्या क्षणी त्याच्यापाशी १२१.६ नॅनोमीटरवर असलेला प्रकाश गिळतो. तिथून पुढे प्रवासात प्रकाश ताणला जात राहतो आणि रेषाही त्याच्याबरोबर सरकते. जवळच्या ढगाची रेषा कमी सरकते, दूरच्या ढगाची अधिक. म्हणजे आपल्या हाती येणारा वर्णपट हा वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर शिक्का बसलेल्या मालट्रकच्या कागदासारखा असतो : कोणता ढग, किती दूर, किती दाट, त्यात कार्बन, सिलिकॉन, मॅग्नेशियम किती, हे सारे त्यात नोंदलेले असते. वाटेतल्या वायूच्या अशा रेषा दिसायला हव्यात, असे जॉन बाहकॉल आणि एडविन सॉल्पीटर यांनी १९६५ मध्येच मांडले होते. १९६६ मध्ये ‘३सी १९१’ या क्वेसारमध्ये शोषणरेषा सापडल्या आणि १९७१ मध्ये रॉजर लिंड्स यांनी अशा रेषांची दाट गर्दी दाखवून दिली. तिला आज ‘लायमन अल्फा अरण्य’ म्हटले जाते.

मग पाठीमागे दुसरा क्वेसार कशाला हवा?

क्वेसारच्या स्वत:च्या वर्णपटात त्याच्या भोवतीच्या वायूच्या रेषा दिसतात, पण फक्त आपल्या आणि त्याच्या मधल्या सरळ रेषेत असलेल्या वायूच्या. हा वायू नेमका क्वेसारच्या झोतात उभा असतो. शिवाय तो क्वेसारपासून शंभर प्रकाशवर्षांवर आहे की लाखभर, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. वायू स्वत: वेगाने हलत असेल तर रेषा आणखी सरकते आणि हिशेब अधिकच बिघडतो.

रात्री घाटात समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले, की त्या ट्रकभोवतीची धूळ दिसत नाही. पण त्याच्या बऱ्याच मागे, थोड्या बाजूला दुसरी गाडी असेल तर तिच्या दिव्याचा प्रकाश पहिल्या ट्रकच्या बाजूच्या धुळीतून गाळून येतो आणि मंद होतो. खगोलशास्त्रज्ञ हेच करतात. आकाशात जवळजवळ एकाच जागी दिसणारे, पण प्रत्यक्षात एकामागे एक, एकमेकांपासून अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेले दोन क्वेसार शोधायचे. मागच्याचा प्रकाश पुढच्याच्या बाजूने जातो. पुढच्या क्वेसारच्या ताम्रसृतीला मागच्याच्या वर्णपटात रेषा आहे का, हे पाहायचे. बाजूचे अंतर आकाशातील कोनावरून थेट काढता येते, तिथे अंदाजाला वाव उरत नाही.

या जोड्यांनी एका जुन्या वादावरही प्रकाश टाकला. क्वेसारची ताम्रसृती खरोखर अंतरामुळेच असते का, ही शंका फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज आणि दिवंगत डॉ. जयंत नारळीकर यांनी अनेक वर्षे जागती ठेवली होती. बहुसंख्य शास्त्रज्ञांचे मत तेव्हाही विरुद्ध होते आणि इतर पुरावेही साचत गेले. पण जोड्यांतला पुरावा विशेष सोपा आहे. अधिक ताम्रसृतीच्या क्वेसारमध्ये कमी ताम्रसृतीच्या क्वेसारभोवतीच्या वायूची खूण सापडते. उलटे घडत नाही. मागे कोण आणि पुढे कोण, हे सावलीच सांगून टाकते.

अशा जोड्या मिळणे इतके अवघड का?

कारण क्वेसार दुर्मीळ आहेत. एखाद्या दूरच्या क्वेसारपासून बाजूला तीन लाख प्रकाशवर्षांवरचा वायू तपासायचा, तर मागचा क्वेसार आकाशात त्याच्यापासून जेमतेम १२ विकलांच्या अंतरावर हवा. पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाचा हा साधारण दीडशेवा भाग. त्यात एक तांत्रिक अडचणही होती. ‘स्लोन’ सर्वेक्षणाने काही लाख क्वेसार शोधले, पण त्याच्या यंत्रणेत दोन प्रकाशतंतू ५५ विकलांपेक्षा जवळ लावताच येत नसत. म्हणजे ज्या जोड्या हव्या होत्या, त्यातला एक क्वेसार नेमका सुटायचा. जोसेफ हेनावी आणि जेसन प्रोचास्का यांच्या चमूने सर्वेक्षणाच्या छायाचित्रांतून संभाव्य जोडीदार निवडले, मग इतर मोठ्या दुर्बिणींनी त्यांचे वर्णपट एकेक करून घेतले. ‘क्वेसारच्या उजेडात क्वेसार’ अशा अर्थाच्या नावाची त्यांची शोधनिबंध मालिका २००६ मध्ये सुरू झाली आणि पुढे शेकडो जोड्यांपर्यंत गेली.

त्यांना काय सापडले?

या काळातले, म्हणजे सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वीचे क्वेसार सूर्याच्या काही हजार अब्ज पट वस्तुमानाच्या प्रचंड प्रभामंडलांत बसलेले असतात. अशा ठिकाणी आत पडणारा वायू आपटून सुमारे एक कोटी अंशांपर्यंत तापावा, असे गणित सांगते. वर क्वेसारचे अतिनील प्रारण आणि वारे. तिथे तुलनेने थंड वायू फारसा उरू नये, ही अपेक्षा रास्त होती.

प्रत्यक्षात क्वेसारपासून सुमारे पाच लाख प्रकाशवर्षांच्या आतून गेलेल्या दहा प्रकाशरेषांपैकी साधारण सहांमध्ये दाट, थंड वायू आढळला. ‘थंड’ म्हणजे इथे सुमारे दहा हजार अंश. खगोलशास्त्रात थंडीची व्याख्या अशी सैल असते. या थंड वायूचे एकूण वस्तुमान सूर्याच्या किमान दहा अब्ज पट भरते. त्यात कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन यांसारखी ताऱ्यांच्या पोटात शिजलेली मूलद्रव्येही आहेत. म्हणजे हा वायू फक्त बाहेरून नव्याने आलेला नाही, त्यातला काही दीर्घिकेत राहून बाहेर फेकलेला आहे. आसपासच्या काळातील साध्या दीर्घिकांभोवती आढळतो त्याहूनही क्वेसारभोवतीचा थंड वायू अधिक ठरला. त्या वेळची संगणकीय प्रारूपे इतका थंड वायू निर्माणच करू शकत नव्हती. नंतर प्रारूपांत सुधारणा झाल्या, लहान ढगांचा बारकावा वाढवला तसा आकडा जवळ आला, पण अडचण पूर्ण सुटली असे म्हणता येत नाही.

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा पाहू. दीर्घिका उपाशी मरते कारण क्वेसार तिचे अन्न उधळतो, असे म्हणायचे तर स्वयंपाकघरात एवढे धान्य शिल्लक कसे? क्वेसार पेटलेला असताना भोवतीचे भांडार भरलेलेच दिसते. एक तर उधळण नंतर, सावकाश होत असावी. किंवा क्वेसारच्या वाऱ्यांचा मार केंद्राजवळच्या वायूवर होतो आणि दूरचा साठा इतर कारणांनी निकामी होतो. ‘क्वेसार वायू हाकलतो’ हे वाक्य पाठ्यपुस्तकी ठामपणे लिहिले जाते, तितका ठाम पुरावा अजून हाती नाही, इतके तरी यातून स्पष्ट झाले.

हा निष्कर्ष फक्त सावल्यांवर उभा नाही. २०१४ मध्ये सेबास्तियानो कांतालुपो आणि सहकाऱ्यांनी हवाईतील केक दुर्बिणीतून ‘यूएम २८७’ या क्वेसारभोवती सुमारे १५ लाख प्रकाशवर्षे पसरलेला, मंद चमकणारा हायड्रोजन टिपला. नंतर चिलीतील ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’वरच्या ‘म्यूज’ या उपकरणाने सतरा तेजस्वी क्वेसार पाहिले आणि सतराही जणांभोवती असे तेजोमेघ सापडले.

समोर नाही, पण बाजूला आहे, हे कसे?

हा या अभ्यासातला सर्वांत रंजक भाग. बाजूला जितका थंड वायू आहे, तितकाच तो आपल्या आणि क्वेसारच्या मध्येही असायला हवा. वायूला आपली दिशा काही ठाऊक नाही. पण क्वेसारच्या स्वत:च्या वर्णपटात असा दाट वायू अपेक्षेपेक्षा फारच कमी वेळा दिसतो.

पहिले स्पष्टीकरण : क्वेसार हा दिवा नसून विजेरी आहे. त्याच्याभोवती धुळीचे जाड कडे असते आणि प्रकाश कड्याच्या दोन्ही तोंडांतून झोतासारखा बाहेर पडतो. ज्याचा झोत आपल्यावर येतो त्यालाच आपण क्वेसार म्हणतो. त्यामुळे आपल्या दिशेचा वायू कायम झोतात भाजून निघतो, त्यातील हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि इलेक्ट्रॉन नसलेला हायड्रोजन रेषा उमटवू शकत नाही. बाजूचा वायू कड्याच्या सावलीत सुखरूप राहतो.

दुसरे स्पष्टीकरण काळाशी निगडित आहे. क्वेसारचा प्रकाश तीन लाख प्रकाशवर्षे बाजूला जाऊन वायूला गाठतो, तेव्हा कुठे मागच्या क्वेसारच्या प्रकाशावर त्याचा परिणाम दिसतो. म्हणजे बाजूच्या वायूत आपल्याला क्वेसारची आजची नव्हे, तर तीन लाख वर्षे आधीची स्थिती दिसते. तेव्हा तो पेटलेलाच नसेल तर बाजूचा वायू अजून अंधारात आहे. दोन्ही कारणे थोडी थोडी खरी असण्याचीही शक्यता आहे. निव्वळ जोड्या मोजून त्यांची फारकत करणे कठीण जाते.

क्वेसारचे वय यातून कळते?

कळते, आणि तिथेच दुसरा पेच आहे. बाजूच्या वायूवर पूर्वीच्या उजेडाची खूण सापडली, तर क्वेसार किमान तेवढा काळ पेटलेला असणार. २००३ मध्ये पीटर याकोब्सेन आणि सहकाऱ्यांनी आयनीभूत हेलियमच्या रेषांवरून एका क्वेसारचे वय किमान एक कोटी वर्षे काढले. याउलट ॲना-क्रिस्टिना आयलर्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये विश्व एक अब्ज वर्षांचेही नसतानाचे क्वेसार तपासले. क्वेसार पेटला की भोवती आयनीभूत वायूचा फुगा वाढत जातो आणि त्याच्या आकारावरून वय काढता येते. काहींचे फुगे इतके लहान निघाले, की ते पेटून एक लाख वर्षेही झाली नसावीत.

लाख वर्षे हा काळ किती क्षुल्लक आहे, हे हिशेबाने पाहावे लागेल. कृष्णविवराने वायू गिळण्याचा वेग त्याच्याच प्रारणाच्या दाबाने मर्यादित होतो. त्या मर्यादेत वस्तुमान दुप्पट व्हायला सुमारे तीन कोटी वर्षे लागतात. शंभर सूर्यांपासून सुरुवात करून एक अब्ज सूर्यांपर्यंत जायचे, तर एकही दिवस उपास न घडता सुमारे ७० कोटी वर्षे हवीत. या ‘तरुण’ क्वेसारांतील कृष्णविवरे मात्र आताच अब्ज सूर्यांच्या घरात आहेत. मग ती वाढली कधी? बहुधा धुळीच्या पडद्याआड, आपल्याला न दिसता. किंवा खाल्लेल्याच्या मानाने फार कमी प्रकाश टाकत. जेम्स वेब दुर्बिणीला सापडलेले ‘छोटे लाल ठिपके’ या संदर्भात चर्चेत आहेत. त्यातील काहींच्या वर्णपटात हायड्रोजनच्या अशा शोषणरेषा दिसल्या आहेत, ज्या अतिशय दाट वायूतच उमटतात. म्हणजे वायूच्या कोशात गुंडाळलेली, वाढत असलेली कृष्णविवरे. मात्र हे सर्व ठिपके तसेच आहेत का, यावर अजून एकमत नाही.

यात पुण्याचा वाटा कोणता?

शोषणरेषांच्या अभ्यासात पुण्यातील ‘आयुका’चे नाव जगभर परिचित आहे. डॉ. रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी २००० मध्ये एका क्वेसारच्या प्रकाशातील रेषांवरून, ११ अब्ज वर्षांपूर्वीच्या ढगाला विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणाची किती ऊब मिळत होती हे काढले. २००८ मध्ये तशाच मोजणीत ९.१५ केल्विन हा आकडा आला. आज ते तापमान २.७ केल्विन आहे. म्हणजे विश्व तेव्हा महास्फोट सिद्धान्त सांगतो तितकेच अधिक उबदार होते.

क्वेसारच्या अगदी निकटच्या, खऱ्या अर्थाने थंड हायड्रोजनसाठी रेडिओ लहरी लागतात. २१ सेंटिमीटरची रेषा त्याची खूण. जुन्नर तालुक्यातील खोडदची ‘जीएमआरटी’ ३० महाकाय अँटेनांनी हीच रेषा दूरच्या रेडिओ क्वेसारांत शोधते. आयुकाच्या नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिकेतील ६४ अँटेनांच्या ‘मीरकॅट’वर तशाच रेषांचे मोठे सर्वेक्षण झाले असून त्याच्या माहितीवर पुण्यात प्रक्रिया केली जाते. दूरच्या, अतितेजस्वी क्वेसारांत ही रेषा फारच क्वचित मिळते. अर्थात न मिळणे हीदेखील माहितीच : केंद्राजवळचा वायू खरोखर भाजून निघालेला असावा.

पुढची अडचण कशाची?

एका क्वेसारमागे दुसरा एकच मिळतो, म्हणजे एका प्रभामंडलात एकच बोअर. एका बोअरवरून गावाचे भूजल सांगता येत नाही, म्हणून शेकडो गावांतला एकेक बोअर एकत्र करून ‘सरासरी गावा’चे चित्र काढले जाते. आजवरचे निष्कर्ष असेच आहेत. ॲरिझोनातील ‘डेसी’ एका वेळी ५,००० प्रकाशतंतू लावून वर्णपट घेते. तिच्या माहितीमुळे बोअरची संख्या कैक पटींनी वाढेल. विजेरी की वय, हा वादही झोताच्या वेगवेगळ्या कोनांनुसार जोड्या मांडून थोडाफार सोडवता येईल.

जवळच्या, म्हणजे अलीकडच्या काळातील क्वेसारांची गोष्ट वेगळी. त्यांची लायमन अल्फा रेषा अतिनील भागातच राहते आणि आपले वातावरण ती अडवते. तिथे हबल दुर्बिणीवर २००९ मध्ये बसवलेला वर्णपटमापक हाच मुख्य आधार आहे आणि हबल जून २०२४ पासून एका जायरोस्कोपवर चालते आहे. तिच्या तोडीची अतिनील दुर्बीण म्हणून जिच्याकडे पाहिले जाते, ती नासाची ‘हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी’ २०४० च्या दशकाची गोष्ट आहे.

एकाच प्रभामंडलात अनेक बोअर घ्यायचे तर मागच्या बाजूला क्वेसारची वाट न पाहता साध्या, अंधूक दीर्घिकांचा प्रकाश वापरावा लागेल. आठ-दहा मीटरच्या आजच्या दुर्बिणींना ते जेमतेमच जमते. भारत ज्यात भागीदार आहे त्या ‘थर्टी मीटर टेलिस्कोप’च्या उद्दिष्टांत हे काम आहे. पण हवाईतील मौना केआवरील जागेचा वाद अनेक वर्षे मिटलेला नाही आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने आपल्या अर्थसंकल्पीय प्रस्तावात ही दुर्बीण पुढच्या टप्प्यात न नेण्याची भूमिका घेतली. त्यानंतर स्पेनने ला पाल्मा बेटावर जागा आणि ४० कोटी युरो देऊ केले.